मुकादमाचा शब्द

सानपाडा
१० ऑगस्ट २०२५

प्रीतम बाळा,

आधी रागावून घेतो, आशीर्वाद नंतर. कराडला जाऊन तीन आठवडे झाले आणि तुझं अवघं एक पोस्टकार्ड. त्यात मजकूर काय, तर "पोचलो, बरा आहे." अरे, मी वाशीच्या मार्केटात चाळीस वर्षं हमाली केली, त्यातली अठरा वर्षं टोळीचा मुकादम होतो. आमच्या गोणीवरच्या चिठ्ठीतसुद्धा याहून जास्त मजकूर असायचा.

तुझ्याकडे फोन नाही, हे आपणच ठरवलं, ते मान्य. टोळीवाल्या बाबासोने तुला सोडलं असलं, तरी त्याच्या पोरांना तुझा माग लागू नये म्हणून जुनं सिम मोडून टाकलं आणि पत्ता फक्त माझ्याकडे ठेवला. तुझ्या आईलाही सांगितला नाही. गोजराबाई दिवाळे गावाहून मासळीची पाटी घेऊन इकडे आली की दारातूनच विचारते, "हाय ना बरा?" मी बरा आहे म्हणतो. मग ती आणखी काही न विचारता चार बोंबील काढून ठेवते आणि जाते. त्या बाईला मी फार मानतो. तीन वर्षांपूर्वी तू तळोज्यात टँकर अडवणाऱ्या टोळीत होतास, तेव्हा तुझा हात धरून तुला पोलीस ठाण्यात तिनेच नेलं. माझ्या सांगण्यावरून नेलं आणि वाटेत मला शिव्या घातल्या, पण नेलं.

निरीक्षणगृह, मग आयटीआय, आणि आता डिप्लोमा, तोही थेट दुसऱ्या वर्षाला. सोसायटीच्या तळमजल्यावरच्या आपल्या अभ्यासिकेत टोळ्यांमधून बाहेर पडलेली सात पोरं बसतात, त्यातून डिप्लोमाला पोचलेला तू पहिला. तुझं नाव मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलंय. तुझी आजी राहीबाई म्हणते, आता हार घालायचा तेवढा बाकी ठेवलाय.

बाबासोने तुला कसं सोडलं, असं तू निघताना विचारत होतास. ते विचारू नकोस. तो आमच्या कोरेगाव तालुक्यातला आहे, माझ्या शब्दाला मान देतो, एवढं पुरे.

पाकिटावरचं वळणदार अक्षर माझं नाही. माझा हात थरथरतो, म्हणून पत्ता आमचा यशराज लिहितो आणि पत्र पेटीतही तोच टाकतो. त्याचे आईबाप गावी, तो बारावीसाठी आमच्याकडे. माझ्या या नातवाची काळजीच करावी लागत नाही, म्हणून तर मी तुम्हा सात जणांच्या मागे लागू शकतो.

सविस्तर लिही. जेवतोस काय, ते आधी.

हौसेराव आबा


कराड
२४ ऑगस्ट २०२५

आबा, तुम्हांला आणि आजींना नमस्कार.

जेवतो. मेसमध्ये रोज बटाटा असतो. वर्गात सगळी अठरा-एकोणीसची, मी एकवीसचा, म्हणून मला "काका" म्हणतात. पहिल्या दिवशी राग आला होता, आता हाक मारली की वळतो. वर्कशॉपमध्ये लेथवर माझा हात चांगला चालतो. आयटीआयमध्ये शिकलेलं इथे कामाला येतंय. ड्रॉइंगमध्ये मात्र मार खातोय.

सर विचारत होते, आधी काय करायचास. मी म्हटलं, आईला मासळीत मदत. हे खोटं नाही आणि खरंही नाही. एकदा हॉस्टेलखाली गाडी बराच वेळ उभी होती, तर मी दोन तास संडासात बसून राहिलो. ती दूधवाल्याची निघाली. हे आईला सांगू नका, ती पाटी टाकून इकडे येईल.

यशराजला सांगा, त्याला दिलेल्या माझ्या गणिताच्या वहीत मागच्या बाजूला सूत्रं आहेत. तुम्ही आम्हांला शिकवायचात तेव्हा तो दारात उभा असायचा. मी एकदा आत ये म्हटलं, तर म्हणाला, "ही खोली तुमच्यासाठी आहे." चांगला पोरगा आहे. त्याचं कसं चाललंय, तेही लिहा.

प्रीतम


सानपाडा
२१ सप्टेंबर २०२५

प्रीतम,

संडासात दोन तास बसलास हे वाचून मला आधी हसू आलं आणि मग आलं नाही. पण भीती जाते. जायला वेळ लागतो.

यशराजचं विचारलंस, तर त्याच्याबद्दल लिहायला यंदा खरंच काहीतरी आहे. महिन्याभरात पोरगा पार बदललाय. पूर्वी आठला उठवावं लागायचं, आता सहाला अंघोळ करून तयार. कॉलेज झालं की तळोज्याला जातो. तिथे कुठल्याशा कंपनीसाठी त्याला प्रोजेक्ट मिळालाय. भंगाराच्या यार्डासमोर चहाची टपरी आहे, तिथे बसून येणाऱ्या-जाणाऱ्या टँकरचे नंबर आणि वेळा वहीत टिपायच्या. वाहतुकीचा सर्व्हे म्हणे. मी म्हटलं, शाब्बास, बारावीतच अनुभव. आता त्याच्याकडे दोन फोन आहेत, दुसरा प्रोजेक्टवाल्यांनी दिलाय. नवे बूटही घेतले. अंगावर उंची शर्ट आला की राहीबाई मला डोळ्यांनी खुणावते. ती म्हणते, पोरगं जेवताना वर बघत नाही. मी म्हटलं, तू आयुष्यभर पोरांना वर बघून जेव म्हणत आलीस, आता अभ्यासाचं वय आहे.

दोन डिसेंबरला अठरा पूर्ण होतील. त्याचे साहेब म्हणाले म्हणे, अठराच्या आत एक मोठं काम करून दाखव, मग कायमचं बघू. मला तर अभिमान वाटला. साताऱ्याकडची माणसं कामाला मागे हटत नाहीत.

तुझ्या ड्रॉइंगचं काय झालं, ते लिही.

आबा


कराड
२७ सप्टेंबर २०२५

आबा,

हे पत्र खाली बसून वाचा. आजी जवळ असतील तर त्यांनाही बसवा.

पाकीट मुद्दाम आईच्या नावाने दिवाळ्याला पाठवतोय. तिला वाचता येत नाही, पण ती ते तुमच्याच हातात देईल. यशराजच्या हातात काही पडू देऊ नका. उत्तरही त्याच्याकडून टाकू नका.

तो प्रोजेक्ट नाही. ती टपरी मला माहीत आहे. तिथल्या बाकाच्या एका पायाखाली वीट आहे, त्या बाकावर मी सात महिने बसलो होतो. कुठला टँकर किती वाजता निघतो, ड्रायव्हर एकटा आहे की जोडीला कुणी आहे, ते टिपायचं. बाबासोकडे पहिलं काम हेच देतात. मग बूट देतात, मग फोन. माझे बूट निळे होते. तुमचं पत्र वाचून मी एवढा हादरलो की खोलीतल्या पोरांनी विचारलं, घरी कोण गेलं.

"अठराच्या आत मोठं काम" याचा अर्थ तुम्हांला कळला नाही, मी सांगतो. ते सतराचीच पोरं घेतात. काही मोठं झालं, कुणी मेलं, तर ते अल्पवयीन पोराच्या अंगावर ढकलायचं. पोराला शिक्षा कमी होते आणि त्यांचं नावच येत नाही. सतरा वर्षं दहा महिन्यांचा असताना माझ्या हातात रॉड दिला होता. त्याच आठवड्यात आईने मला ठाण्यात नेलं म्हणून मी आज लेथवर उभा आहे. दोन डिसेंबरला नऊ आठवडे राहिले.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. माझा पत्ता यशराजला पाठ आहे. त्याने तो दिलाय का? आणि तुम्ही मला बाबासोकडून कसं सोडवलंत? तो फुकट कुणाला सोडत नाही. विचारू नकोस असं म्हणू नका.

प्रीतम


सानपाडा
६ ऑक्टोबर २०२५

प्रीतम,

तुझं पत्र आईने आणून दिलं. मी वाचलं आणि राहीबाईला वाचून दाखवलं. ती उठून आत गेली. चार वर्षं मी लोकांच्या पोरांच्या डोळ्यांत बघून सांगत आलोय, कोण कुठे जातो. आणि माझ्या ताटासमोर बसणारं पोर मला दिसलं नाही. मला अजून पटत नाहीये, पण खरं आहे. काल त्याला समोर बसवून विचारलं. त्याने एका दमात सगळं कबूल केलं.

तुझा पत्ता त्याने दिलेला नाही. बाबासोने दोनदा विचारला. याने नाशिकचा सांगितला.

आता तुझा दुसरा प्रश्न. आमच्या हमालांच्या टोळीत एक रीत होती. कुणी दुखण्याने घरी बसला, कुणी काम सोडून गेला, तर रिकाम्या जागी त्याने आपल्यातला माणूस द्यायचा. भाऊ, पुतण्या, मुलगा, कुणीही. त्याला बदली म्हणायचं. बदली न देता जाणं म्हणजे आपलं ओझं दुसऱ्याच्या पाठीवर टाकून जाणं. बाबासोचा बाप याच मार्केटात हमाल होता, त्याला ही रीत ठाऊक. तुझं आयटीआय संपलं तसा तो तुला परत बोलवायला लागला, म्हणून जूनमध्ये तुझ्यासाठी शब्द टाकायला गेलो, तेव्हा तो म्हणाला, "आबा, सोडतो, पण बदली?" मी हसून म्हणालो, देऊ की. आम्ही चहा प्यायलो आणि मी निघालो. मला वाटलं, गावाकडची चेष्टा झाली. मुकादम म्हणून अठरा वर्षं मी असे सौदे केले, तोंडाला सवय होती. यशराजच्या कानावर ते कुठूनतरी गेलं असेल.

आणखी एक आहे, ते लिहवत नाही. मागच्या आठवड्यात यशराजने दत्तू नावाच्या टँकर ड्रायव्हरला रॉड मारला. त्याचा हात दोन ठिकाणी मोडलाय. तो अजून दवाखान्यात आहे.

मी ठरवलंय. याला गावी आईबापाकडे पाठवतो. तिकडे बारावीचा फॉर्म भरेल, कुणाला काही कळणार नाही. पोलिसांत जाणार नाही. आमच्या घरात आजवर कुणी ठाण्याची पायरी चढलेलं नाही. तू कुणाला बोलू नकोस. गोजराबाईला तर मुळीच नको.

आबा


कराड
११ ऑक्टोबर २०२५

आबा,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. पहिल्या दोन वेळा वाटलं, दुसऱ्या कुणी लिहिलंय.

तीन वर्षांपूर्वी तुम्ही आमच्या ओट्यावर बसून आईला काय म्हणालात, ते मी आतून ऐकत होतो. "लपवलेलं पोरगं त्यांचंच राहतं, गोजराबाई. ते त्याला कधीही हाक मारतील आणि त्याला जावं लागेल." आमच्या घरातही तोवर कुणी ठाण्याची पायरी चढलेलं नव्हतं. आमचा दिवाळे गाव लहान आहे. बंदरावर दोन महिने बायका आईशेजारी पाटी लावत नव्हत्या. तिने ते दिवस काढले, कारण तुम्ही सांगितलंत. आणि आता तुम्ही म्हणता, गोजराबाईला सांगू नकोस.

मला तुमचा राग आलाय, तो असा लिहून टाकतो. आम्ही सात जण दुसऱ्यांची पोरं होतो म्हणून आम्हांला खरं बोलायला लावणं सोपं गेलं का?

दत्तू ड्रायव्हरचंही तुम्ही एका ओळीत लिहिलंत. त्याचा उजवा हात मोडला का डावा? ड्रायव्हरला ते महत्त्वाचं असतं.

गावी पाठवलंत तर बाबासो कोरेगावला माणूस धाडेल. तालुका त्याचाही आहे. यशराजला ठाण्यात घेऊन जा. आज जा. तुम्ही नाही नेलंत तर मी येतो आणि नेतो, माझ्या वेळचं जे सांगायचं राहिलं, तेही सांगतो. वीस नोव्हेंबरला माझी परीक्षा आहे. ती गेली तर जाऊ दे.

हे पत्रही आईकडेच पाठवलंय. वाचायला शेजारच्या प्रियाला बोलव, असा निरोप दिलाय. म्हणजे आईला आता सगळं माहीत झालं असेल.

प्रीतम


सानपाडा
१६ नोव्हेंबर २०२५

प्रीतम बाळा,

तू येऊ नकोस. परीक्षा दे. झालं ते सगळं लिहितो. महिना लागला, कारण पेन धरायची लाज वाटत होती. या वेळी पाकिटावरचं अक्षरही माझंच आहे, पोस्टमनला लागलं तर बरं.

तुझं पत्र तुझ्या आईला मिळालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच ती माझ्या दारात आली. पाटी नव्हती, हात मोकळे. यशराजची बॅग भरून दाराशी ठेवली होती, दुपारच्या साताऱ्याच्या एसटीचं तिकीट माझ्या खिशात होतं. ती बॅग बघून ती तिथेच उभी राहिली. मला वाटलं, शिव्या घालेल. तिला तो हक्क होता. ती म्हणाली, "आबा, मना पन तवा वाटलेलं पोराला पलवावा. तुमी पलवू दिला नाय. आता उटा. मी येतंय तुमच्यासंगती." राहीबाईने माझी टोपी आणून दिली. या दोन बायकांनी मला नेलं, मी कुणाला नेलं नाही.

ठाण्यात मुलांसाठीचे अधिकारी साध्या कपड्यात होते. त्यांनी यशराजला खुर्ची दिली, पाणी दिलं. मी शेजारी, तुझी आई भिंतीशी. त्याने दत्तूला मारल्याचं सांगितलं. बाबासोबद्दल जे माहीत होतं, तेही सांगितलं. अधिकाऱ्यांनी शांतपणे विचारलं, "बाळ, तू यात कसा गेलास? पैशासाठी? कुणी धमकावलं?"

तो म्हणाला, "नाही. आबांनी मला दिलं होतं."

प्रीतम, मागच्या पत्रात मी तुला अर्धंच सांगितलं होतं. यशराजच्या कानावर ते कुठूनतरी गेलं नव्हतं. त्या दिवशी तो माझ्याबरोबरच होता. मला रिक्षात चढायला-उतरायला आधार लागतो म्हणून त्याला नेलं होतं. बाबासोने बदली मागितली, तेव्हा मी याच्या पाठीवर हात मारून म्हणालो, "हा घे. खांद्याने मजबूत आहे." सगळे हसले. मीही हसलो. तो हसला की नाही, हे मी बघितलंच नाही. महिन्याने बाबासो त्याच्या कॉलेजच्या दारात आला आणि म्हणाला, "आजोबांनी शब्द दिलाय, चल." आणि माझा नातू गेला. मला विचारायला आला नाही. मी त्या दिवशी अभ्यासिकेत तुझ्या प्रवेशाचे पेढे वाटत होतो.

अधिकाऱ्यांनी विचारलं, "मग आजोबांना सांगितलं का नाहीस?" तो म्हणाला, "त्यांना माहीतच होतं ना. दिलेला शब्द मोडायचा नसतो, हे त्यांनीच शिकवलंय. मी गेलो नसतो तर बाबासोने प्रीतमदादाला परत आणलं असतं." लिहिणारा हवालदार थांबला. मी त्याला तेव्हाही सांगू शकलो नाही की ती चेष्टा होती. सतरा वर्षांच्या पोराला ती चेष्टा आहे हे कसं कळावं, जर मी जन्मभर शब्द मोडला नाही म्हणून मिरवत आलोय? जबाब वाचून दाखवला. त्याखाली पालक म्हणून मी सही केली. "आबांनी मला दिलं होतं" या वाक्यासकट.

यशराज निरीक्षणगृहात आहे. बाल न्याय मंडळापुढे तारीख आहे. त्याचे आईबाप गावाहून आलेत. सून माझ्याशी बोलत नाही, मीही तिला बोल म्हणत नाही. दत्तूचा उजवा हात मोडलाय. मी दवाखान्यात गेलो होतो. त्याने भिंतीकडे तोंड केलं. मी थोडा वेळ उभा राहिलो आणि परत आलो. त्याचं बरोबर आहे. पुन्हा जाणार आहे.

बाबासोला गेल्या आठवड्यात पकडलं. ठाण्यात आणला तेव्हा मी तिथेच होतो. त्याच्यासमोर जाऊन म्हणालो, "बाबासो, तुला दिलेला शब्द मी मोडला." तो हसला. म्हणाला, "आबा, वय झालं तुमचं." चाळीस वर्षांत मी असं वाक्य कुणाला म्हणालो नव्हतो. मला वाटलं होतं, जीभ जड होईल. झाली नाही.

काल यशराजला पहिल्यांदा भेटायला मिळालं. बारावीचा फॉर्म तिथूनच भरता येतो, तो घेऊन गेलो होतो. त्याने भरला. अक्षर तसंच आहे. मग मी त्याला सांगितलं की मी बाबासोला असं असं म्हणून आलोय, शब्द मोडलाय. मी त्याची माफी मागणार होतो, घरून तसं ठरवून निघालो होतो, पण त्याने आधी मला विचारलं, "मग इथून सुटल्यावर मला परत तिकडे जायला नको ना?"

महिनाभर तो हेच धरून बसला होता, की शिक्षा भोगून झाली की माझ्या शब्दासाठी त्याला पुन्हा बाबासोकडे जायचंय. मी नाही म्हणालो. त्याने पुन्हा विचारलं. मी पुन्हा नाही म्हणालो. वेळ संपल्याची घंटा होईपर्यंत मी तेवढंच म्हणत होतो.

आबा